दहा खोल्यांचे मालक आणि दारावरचा कागद

रविवारी सकाळी आम्ही समाजमंदिरात बसतो, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. कुणाचे रेशनकार्ड अडलेले असते, कुणाचा दाखला, कुणाची पेन्शन. कागद वाचून दाखवायचा आणि अर्ज लिहून द्यायचा, एवढेच आमचे काम. अशाच एका रविवारी आमच्या मागच्या गल्लीत पूर्वी राहणाऱ्या एक ताई आल्या. पदराआड चार घड्या घातलेला कागद होता. खाली बसण्याच्या आधीच म्हणाल्या, "दादा, हा कागद आमच्या दारावर चिकटवलाय. पोरीनं वाचला. ती म्हणते, आई, यात बँकेचं नाव आहे. पण आपण तर बँकेचं एक रुपयाचं कर्ज घेतलं नाही."

पोरीचे म्हणणे खरे होते. कर्ज ताईंचे नव्हते, रूमच्या मालकाचे होते. कागदावर लिहिले होते की, कर्जदाराने मागणी नोटिशीनंतर साठ दिवसांत रक्कम भरली नाही, म्हणून बँकेने सदर मिळकतीचा प्रतीकात्मक ताबा घेतला आहे. खाली फ्लॅट नंबर, इमारतीचे नाव आणि शिक्का. दीड वर्षापूर्वी ताईंनी याच रूमसाठी पाच लाख रुपये हेवी डिपॉझिट दिले होते. भाडे नाही, फक्त डिपॉझिट. रूम सोडताना पैसे परत, असा व्यवहार. ते पाच लाख म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी. बावीस वर्षे मशीनवर उभे राहून मिळालेला पैसा.

"तुम्ही त्यांच्याकडे चौकशी केली नव्हती का?" आम्ही विचारले.

ताई आमच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, चौकशी कशाला करायची? तुम्हीच तर त्यांना स्टेजवर बसवलं होतं."

बंधू-भगिनींनो, या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. वह्यावाटपाच्या कार्यक्रमाला या गृहस्थांनी पाचशे वह्या दिल्या होत्या आणि आम्ही त्यांना हार घातला होता. सूत्रसंचालन आम्हीच केले होते. "आपल्या वस्तीत वाढलेले आणि आज दहा खोल्यांचे मालक असलेले" अशी त्यांची ओळख आम्हीच करून दिली होती. त्या दहा खोल्यांवर कर्ज किती, हे आम्ही विचारले नव्हते. बी.कॉम. झालो, वीस वर्षे कचेरीत जमाखर्च लिहिला, पण हार घालताना फक्त जमेची बाजू पाहिली. म्हणून आजचा हा लेख. दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपली चूक कबूल करावी, एवढेच.

त्या रविवारी दुपारी आम्ही आणि झेरॉक्सच्या दुकानातला एक तरुण, दोघे संगणकापुढे बसलो. महाराष्ट्र शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्याही मिळकतीच्या दस्ताचा शोध घेता येतो. गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की, 'सूची क्रमांक दोन', म्हणजे ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो, तो दिसतो. कुणी विकले, कुणी घेतले, किती रुपयांना, कोणत्या तारखेला, सारे त्यात असते. शिवाय १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात एक चांगला नियम आहे. मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतले, तर तीस दिवसांच्या आत त्याची सूचना निबंधक कार्यालयात द्यावी लागते. तिला 'नोटीस ऑफ इंटिमेशन' म्हणतात. तीही तेथे शोधता येते.

आम्हाला त्या गृहस्थांच्या इमारती माहीत होत्या. संध्याकाळपर्यंत दहाही फ्लॅट सापडले. काही स्वतःच्या नावावर, काही पत्नीच्या, काही भावाच्या. दहापैकी दहांवर कर्ज होते. मग आम्ही कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ मारली आणि खाते मांडले. गृहस्थांची ओळख पटू नये म्हणून येथे आकडे गोल केले आहेत. हिशेबाचा सांगाडा मात्र तोच आहे.

दहा फ्लॅट, प्रत्येकी २५ लाखांचा. एकूण मिळकत अडीच कोटी. वस्तीला हाच आकडा दिसत होता. प्रत्येक फ्लॅटवर २० लाखांचे कर्ज, म्हणजे बँकांचे देणे २ कोटी. त्यांचे स्वतःचे ५० लाख. गावची जमीन विकून आणि धंद्यातून ते आले असे म्हणतात. व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर लाखाला महिना सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो. २ कोटींचा हप्ता झाला महिना १ लाख ८० हजार. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले दीड लाख तर नुसते व्याज असते. मुद्दल फिटते फक्त ३० हजार.

आता आवक पाहा. सहा फ्लॅट भाड्याने, प्रत्येकी ८ हजार. झाले ४८ हजार. उरलेले चार हेवी डिपॉझिटवर, म्हणजे त्यांचे भाडे शून्य. आवक ४८ हजार, हप्ता १ लाख ८० हजार. दर महिन्याला १ लाख ३२ हजारांचा खड्डा! हा खड्डा कशाने भरत होता? चार कुटुंबांनी दिलेल्या प्रत्येकी पाच लाखांच्या डिपॉझिटने, म्हणजे २० लाखांनी. १ लाख ३२ हजाराने २० लाखांना भागून पाहा. पंधरा महिने. पंधरा महिन्यांत चार कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी बँकेच्या हप्त्यात विरघळून गेली. ताईंना राहायला येऊन दीड वर्ष झाले होते. नोटीस बरोबर वेळेवरच आली होती म्हणायची.

हे गृहस्थ लबाड होते का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांचा एक हिशेब होता. फ्लॅटचे भाव दरसाल दहा टक्के वाढतील, म्हणजे अडीच कोटींचे वर्षाला २५ लाख वाढतील, आणि खड्डा तर वर्षाला सोळा लाखांचाच. वर ९ लाखांचा फायदा! कागदावर हे बरोबर दिसते. पण भाव वाढला म्हणून भिंतीतून नोटा निघत नाहीत. फ्लॅट विकल्याशिवाय वाढलेला भाव हाती येत नाही, आणि बँकेला हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला लागतो. विकायचा म्हटले, तर गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो आणि आत बसलेल्या माणसाचे डिपॉझिट आधी परत करावे लागते. भाव वाढण्याऐवजी शेकडा बाराने घसरले तर काय? अडीच कोटींतून ३० लाख गेले, उरले २ कोटी २० लाख. बँकांचे २ कोटी आणि डिपॉझिटचे २० लाख वजा करा. उरले शून्य. दहा खोल्यांच्या मालकाची खरी मिळकत एवढी पातळ होती. भाड्याच्या खोलीत राहणारा आणि पोस्टात पन्नास हजार ठेवणारा आमचा सफाई कामगार त्यांच्याहून श्रीमंत ठरला असता, कारण त्याच्यावर कुणाचे देणे नव्हते.

आता मायभगिनींनी एक हिशेब जरूर ध्यानात ठेवावा, कारण डिपॉझिटचा निर्णय घरात बहुधा त्याच करतात. ८ हजार भाड्याची रूम पाच लाखांच्या डिपॉझिटवर 'फुकट' मिळते. वर्षाचे ९६ हजार भाडे वाचले. पाच लाखांवर ९६ हजार म्हणजे शेकडा एकोणीस रुपयांहून जास्त. म्हणजे मालक तुमच्याकडून एकोणीस टक्क्यांनी पैसे घेतो आहे. बँक नऊ टक्क्यांनी देत असताना कुणी एकोणीस टक्क्यांनी का घेईल? एक कारण असे असू शकते की, बँकेने त्याला आणखी देणे बंद केले आहे. आपल्याला वाटते, भाडे वाचले. प्रत्यक्षात आपण सावकार झालेलो असतो, आणि तोही तारण न घेणारा सावकार! बँकेने फ्लॅट तारण घेतला. आपण काय घेतले? पाचशेच्या स्टँपपेपरवरची नोटरी.

"बँकेने एवढे कर्ज दिले, म्हणजे माणूस खात्रीचा असेल" असे आपले लोक म्हणतात. हा समज काढून टाका. बँक स्वतःची सोय पाहते, तुमची नाही. आणि बँकेलाही आपली सोय नेहमीच पाहता येते असे नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण अजून लोक विसरलेले नाहीत. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदाराला सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असे सांगितले. मुंबईतल्या शाखांपुढे माणसे रडत उभी होती. कारण काय निघाले? एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे बँकेचे साडेसहा हजार कोटींहून अधिक कर्ज अडकले होते. बँकेने वाटलेल्या एकूण कर्जातले शंभरातले सुमारे त्र्याहत्तर रुपये एकाच घरात! ते लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली, असा आरोप नोंदवला गेला. त्या समूहाकडे जमिनी नव्हत्या का? होत्या. इमारती, प्रकल्प, सारे होते. पण जमिनीने ठेवीदाराच्या मुलीची फी भरता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचा आधार मिळाला, आणि त्याहून मोठ्या ठेवी असलेल्यांना उरलेल्या पैशांसाठी वर्षानुवर्षांचे टप्पे बांधून मिळाले. बँकेतील ठेवीला निदान विमा असतो. घरमालकाला दिलेल्या डिपॉझिटला कोणताही विमा नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

आता ताईंच्या कागदाकडे वळू. कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. २००२ साली केंद्र सरकारने एक कायदा केला, त्याला सरफेसी कायदा म्हणतात. हप्ते नव्वद दिवसांहून अधिक थकले की, ते खाते बुडीत सदरात जाते. मग बँक कलम १३ (२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस देते. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर कलम १३ (४) खाली ताबा घेते. ताब्याची नोटीस दारावर लावावी लागते आणि दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मदत घेऊ शकते. ज्याला या कारवाईची झळ लागते, त्याला कर्जवसुली न्यायाधिकरणात पंचेचाळीस दिवसांत दाद मागता येते.

भाडेकरूचे काय? गहाण ठेवण्याआधीपासूनचा जुना आणि खरा भाडेकरू असेल, पावत्या असतील, तर त्याचे हक्क बँक सहज मोडू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. पण २०१९ च्या निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, नोंदणी नसलेल्या तोंडी भाडेपट्ट्याच्या जोरावर फार काळ बसता येणार नाही. आणि आपल्याकडे बहुतेक करार भाडेपट्ट्याचे नसतातच. ते असतात 'लीव्ह अँड लायसन्स'चे, म्हणजे फक्त राहण्याची परवानगी. रूम आधीच गहाण, करार नंतरचा, तोही बिननोंदणीचा. ताईंची बाजू अशी सगळीकडून उघडी होती.

त्यांचा करार अकरा महिन्यांचा, नोटरी केलेला. मुदत संपल्यावर "चालू द्या, ताई" एवढ्या तोंडी शब्दावर पुढे चाललेला. पाच लाखांपैकी साडेतीन लाख चेकने दिलेले. दीड लाख रोख, पावती नाही. का? तर एजंट म्हणाला, "माणूस घरचा आहे, पावती कशाला?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे आपल्या किती लोकांना माहीत आहे?

आम्ही ताईंना घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो. पूर्वी ते दारापर्यंत येऊन "या, साहेब" म्हणत. त्या दिवशी त्यांनी आमच्या नजरेला नजर दिली नाही. वहिनींनी पाणी आणून ठेवले. हळू आवाजात ते म्हणाले, "मी कुणाचे बुडवणार नाही. एक फ्लॅट विकला की देतो." कॅलेंडरच्या पाठीवरचा हिशेब आमच्या खिशात होता. तो बाहेर काढावासा वाटला नाही. त्यांना तो आमच्याहून चांगला पाठ होता. साडेतीन लाख चेकने मिळाल्याचे त्यांनी लेखी कबूल केले. रोख दीड लाखाबद्दल म्हणाले, "एजंटाला विचारा."

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून ताईंना वकील मिळाले. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाने घरात लिहून ठेवावा. वकिलांनी मालकावर वसुलीचा दावा केला. बँकेच्या अधिकाऱ्याला आम्ही अर्ज दिला, मुलीची दहावीची परीक्षा आहे असे लिहिले. त्यांनी परीक्षा संपेपर्यंत मुदत दिली. कायद्याने तसे बंधन त्यांच्यावर नव्हते. माणुसकी दाखवली, ते सांगितले पाहिजे. आजपर्यंत ताईंच्या हाती ८० हजार परत आले आहेत. बाकीचे कोर्टात. दीड लाखाचा तर पुरावाच नाही. त्या आता दोन स्टेशने पुढे भाड्याच्या खोलीत राहतात आणि एका घरचे जास्त काम धरले आहे. मुलगी दहावी पास झाली.

वाचकहो, कर्ज वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. आमचे स्वतःचे घर कर्जाचेच होते. राहत्या घरासाठी, पगारातून हप्ता झेपेल एवढे कर्ज घेणे यात काही गैर नाही. गहाण असलेली रूम भाड्याने घेणेही गैर नाही. शहरातल्या कितीतरी रूमवर बँकेचा बोजा असतो. प्रश्न एवढाच की, हप्ते भरले जात आहेत का? म्हणून डिपॉझिट देण्याआधी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली, इंडेक्स टू आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा शोध घ्या. स्वतःला येत नसेल, तर शिकलेल्या मुलाला बसवा. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी वस्तीसाठी एवढे काम केलेच पाहिजे. बँकांनी घेतलेल्या तारणांची नोंद ठेवणारी 'सेर्साई' नावाची केंद्रीय नोंदणी २०११ पासून आहे. तेथेही नाममात्र फी भरून कुणालाही शोध घेता येतो.

दुसरी, सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. रूमवर कोणत्या बँकेचा बोजा आहे आणि मेंटेनन्स किती थकला आहे, हे त्यांना बहुधा माहीत असते. मेंटेनन्स थकवणारा मालक हप्ताही थकवत असण्याचा संभव असतो.

तिसरी, कर्ज असेल तर मालकाकडून बँकेचे कर्जखात्याचे मागच्या सहा महिन्यांचे उतारे आणि भाड्याने देण्यास बँकेची हरकत नसल्याचे पत्र मागा. मागायला संकोच करू नका. तो तुमच्याकडे आधारकार्ड मागतो तेव्हा त्याला संकोच वाटतो का?

चौथी, करार नोंदणीकृतच करा. डिपॉझिटचा पूर्ण आकडा त्यात लिहा. पैसे चेकने किंवा खात्यातूनच द्या. "पावती कशाला" म्हणणाऱ्याला रोख एक रुपयाही देऊ नका.

पाचवी, होता होईल तो हेवी डिपॉझिट टाळा. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट द्या आणि फंडाचा पैसा एका ठिकाणी न ठेवता बँकेत, पोस्टात ठेवा. भाडे भरताना जीव कासावीस होतो, पण मुद्दल आपल्या नावावर राहते.

सहावी, दारावर कागद लागला तर फाडू नका, घाबरून घर सोडू नका. त्याचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कुणा जाणत्याकडे जा. पंचेचाळीस दिवस बघता बघता जातात.

आणि सातवी गोष्ट आम्हा कार्यकर्त्यांसाठी. पाचशे वह्या दिल्या म्हणून कुणाला स्टेजवर बसवताना दहा वेळा विचार करू. आपण घातलेल्या हाराकडे पाहून कुणीतरी ताई आपल्या आयुष्याची कमाई तेथे नेऊन ठेवते. यंदा वह्यावाटप झाले. वह्या वर्गणीतून घेतल्या, दहा-दहा रुपये गोळा करून. पाचशे झाल्या नाहीत, तीनशे दहा झाल्या. स्टेजवर पहिल्या खुर्चीवर ताईंच्या दहावी पास मुलीला बसवले. तिने अकरावीला वाणिज्य शाखा घेतली आहे. कॅलेंडरच्या पाठीवरचा तो हिशेब तिने आमच्याकडून मागून नेला आहे.

ज्यांच्याकडे डिपॉझिटचे करार आहेत, त्यांनी ते घेऊन रविवारी सकाळी दहा ते बारा समाजमंदिरात यावे. मुदत संपलेली असेल, नोंदणी नसेल, तरी या. पैसे देण्याआधी आलात तर अधिक चांगले.